बिल्ल्याची जागा

एकोणचाळीस रुपये किलोने घेतला
कुडचड्याच्या भंगारात, बार्जच्या साखळीखाली दबलेला.
श्याबीनं काटा लावला : चाकासकट एकशे बारा.
"बाय, ह्याचं करणार काय?
कुंडी ठेवायलासुद्धा वाकडा."

रंग खरवडला. वर चंदेरी, त्याखाली हिरवा,
त्याखाली खाणीची धूळ, बसून बसून रंगच झालेली,
मग निळा, मग पुन्हा लाल धूळ.
पुसायचा कंटाळा सगळ्यांनाच होता, ब्रशाचा नव्हता.
शेवटी बीड. काळसर, दाणेदार, थंड.
बिल्ला असायचा तिथे रिव्हेटांची दोन भोकं
आणि मधे चौकोनभर स्वच्छ जागा.

माझे पाने बसेनात.
एमएमचे सैल, इंचाचे अडकत.
पप्पांच्या पेटीच्या तळाशी, ग्रीसच्या कागदात,
विटवर्थचे चार होते. त्यातला एक असा बसला
की मी तो काढला
आणि पुन्हा बसवून पाहिला.
म्हणजे विलायतेचा. किंवा त्या मापाने चालणाऱ्या कुणाचा.
हेडखाली आरसा धरून ओतकामाचे आकडे वाचले,
उलटे : सात, चार, मग एक उभी रेघ,
जी काहीही असू शकते.

पिस्टन रुतलेला. डिझेल आणि ब्रेक ऑइल ओतून ठेवलं.
रोज सकाळी पोदेराचा भोंपू वाजला
की लाकडी ठोकळा ठेवून एक ठोका. एकच.
अकराव्या दिवशी तो केसभर हलला
आणि मी उगाच मागे वळून बघितलं
कुणी पाहिलं का.

व्हॉल्व्हची एक पाती गंजून जाळी झालेली.
करवतीच्या पात्यातून नवी कापली, काचेवर घासली,
ओठाला लावून फुंकर मारून पाहिली.
रिंगा लेथवर उतरवल्या, तिसरी बरी झाली.

इनास पुलापलीकडून आला, नातवाच्या स्कूटरवर.
खाणीच्या वर्कशॉपात तेहतीस वर्षं.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पिकू देतो म्हणाला,
मानकुराद आहेत जणू.
चाकाचे आरे बोटांनी मोजले : सहा, पंख्यासारखे पिळलेले.
"डावीकडे फिरवायचं. उलटं लावलंस
तर ह्याचा वारा ह्यालाच मिळायचा नाही, भाजेल."
कंपनी कुठली?
"कोण जाणे. बोटीतून उतरला तेव्हा मी अर्ध्या चड्डीत."
मग हात खाली गेला, बुडाच्या मागच्या पायाशी,
आणि तिथेच राहिला.

पितळेची शिवण. ओबडधोबड,
मुंग्यांची रांग वाट चुकल्यासारखी.
मी ती घासून काढणार होते. उद्याच्या यादीत होती.

"हें म्हजें," तो म्हणाला. "पयलें काम."
ट्रॉलीवरून पडून पाय तुटलेला, साहेब म्हणे फेका.
शिट्टी झाल्यावर फोरमननं हातात टॉर्च दिला,
भुवया जळल्या, पण पाय चिकटला.
एवढं सांगून त्यानं चहा मागितला.

ग्राइंडर मी भिंतीला टांगला.
रंग दिला, निळाच. शिवण सोडून,
आणि तो चौकोन सोडून.
श्याबी अजून विचारतो, मेक कुठला.

शनिवारी पट्टा चढवला.
आधी खोकला, मग निळसर धूर, मग
ठक-फुस, ठक-फुस,
मधेच एक ठोका चुकवत, पुन्हा पकडत.
काटा वीसवर गेला, चाळीसवर घुटमळला.
जोडांवर साबणाचा फेस लावला.
हेडच्या डाव्या बोल्टापाशी एक बुडबुडा
फुगत राहिला.

इनासनं चप्पल काढली,
बुडावर पाय टेकवला, शिवणीला लागून,
आणि तोंड थोडं उघडं ठेवून उभा राहिला.

तो पाय काढेपर्यंत मी पाना उचलला नाही.
मग पाव फेरा.
काटा साठकडे निघाला.